चांगूबय आणि खोळंबलेले देव

ती मालिका संपली त्या आठवड्यात आमच्याकडे लोक भेटले की आधी तिच्याबद्दल बोलायचे आणि मग एकमेकांच्या तब्येतीबद्दल. मालिकेचं नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांची जखम अजून ओली आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी ती दहा-अकरा वर्षं काहीतरी चांगल्या कामात घालवली असणार. त्यांच्या सुखात मला माती कालवायची नाही.

विनोदी मालिका होती. ठाण्यातली एक इमारत, तिच्यात एक भांडकुदळ कुटुंब, त्या कुटुंबातली चिमी नावाची मुलगी, आणि चिमीवर जीव असलेले दोन तरुण: वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर आणि लहानपणापासूनचा मित्र पक्या. चिमी कोणाशी लग्न करणार, या एका प्रश्नावर निर्मात्यांनी इतकी वर्षं काढली. शेवटच्या आठवड्यात एकदाचं लग्न ठरलं. कोणाशी, ते तेव्हाही लपवून ठेवलं. पत्रिका दाखवली तर नवऱ्याच्या नावावर झेंडूची माळ. एक अख्खा भाग चिमीच्या हळदीत गेला. दुसऱ्या दिवशी लोक जेवणं आटोपून बसले, तर पडद्यावर अक्षरं उमटली, 'काही वर्षांनंतर'. इमारत रिकामी. चिमी एकटीच बॅग घेऊन येते, जिन्याच्या पायरीवर बसते, डबा उघडून पोळीभाजी खाते, कशालातरी हसते आणि दिवा जातो. संपलं.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. शेवट न आवडलेलं पुस्तक लोक कसं परत करतात ते मला ठाऊक आहे. टेबलावर किंचित आपटून. त्यामुळे लोकांच्या संतापाचं मला नवल वाटलं नाही. पण शेवट न आवडल्यामुळे घरात देव अडकून पडले, असं मी एकाच ठिकाणी पाहिलं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, चांगूबयच्या घरी. ती जाऊन आता वर्ष होत आलं. त्या देवांचं नक्की काय झालं, हे मी अजूनही खात्रीने सांगू शकत नाही.

आमची इमारत पनवेलजवळ विचुंब्याला आहे. पाच मजले आहेत आणि नाव 'चांगुणा हाइट्स' आहे. फाटकावर प्लास्टरचे दोन सिंह बसवलेले आहेत. त्यातला एक बनवणाऱ्याने कुत्रा पाहून केला असावा. जमीन चांगूबयची. तिथे पूर्वी तिचं भाताचं शेत होतं आणि इमारत तिच्या मुलाने, हरेशने उभी केली. हरेशला आईचा अभिमान होता, आणि अभिमान म्हटला की तो फलकावर लावायचा असतो अशी त्याची समजूत होती. आईचं स्वतःचं मत विचारलं तर ती म्हणायची, "माजं नाव वर लावलंन आनि मना खाली ठेवलंन." लिफ्टमध्ये ती कधी चढली नाही. वर काय आहे असं विचारलं तर म्हणायची, "वर तुमी हाव. तुमाला खालीच बगतंय की रोज."

बय म्हणजे आगरी घरातली आई किंवा आजी. सगळी इमारत तिला बय म्हणे, आणि ती मला मास्तर म्हणे. मी मास्तर नव्हतो, हे मी सुरुवातीला एकदोनदा सांगून पाहिलं. "पुस्तकं कुनाची व्हती मंग?" तिने विचारलं. कॉलेजची, मी म्हणालो. "मंग मास्तरच," ती म्हणाली, आणि विषय संपला. तिच्याशी बोलताना विषय असेच संपायचे. आपलं म्हणणं संपलेलं नसताना.

चांगूबय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या आधी मान धवलारणीचा. मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. आपट्यापासून उरणपर्यंतच्या गावांत दोन पिढ्यांची लग्नं तिने लावली होती. आवाज गोड नव्हता. जात्यातून भरड निघावी तसा तो निघायचा, सावकाश आणि न थांबता.

तिची-माझी ओळख झाली ती इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी. हरेशने मांडव घातला होता, खुर्च्यांना सॅटिनचे झगे घातले होते आणि कोणी एक मान्यवर फीत कापायला येणार होते. मान्यवर येईनात. त्यांचा माणूस दर थोड्या वेळाने फोन कानाला लावून "साहेब निघालेत" असं जाहीर करायचा. मुहूर्ताची वेळ झाली तशी चांगूबय पाटावर बसली आणि तिने सुरू केलं. धवल्याची सुरुवात देवांना बोलावण्याने होते. गणपतीपासून वेशीवरच्या देवापर्यंत एकेकाला नावाने हाक मारून, तू ये, या पाटावर बस, असं सांगायचं. ती अर्ध्यावर असताना बाहेर गाड्या लागल्या आणि साहेबांचा माणूस धावत आला.

"आजी, जरा थांबा, साहेब आले."

तिने गाणं थांबवलं नाही. कडवं पुरं केलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"गनपती येऊन बसलाय. त्याला काय सांगू? साहेब ट्राफिकमंदी व्हतं?"

साहेब तिचं सगळं होईपर्यंत कात्री हातात घेऊन उभे राहिले. पनवेलमध्ये एवढा वेळ हातात कात्री घेऊन स्वस्थ उभा राहिलेला दुसरा पुढारी मी पाहिलेला नाही.

देवांबद्दल तिचा हिशेब सरळ होता. देव बोलावल्याशिवाय येत नाहीत आणि काम झाल्याशिवाय उठत नाहीत. म्हणून धवला लग्नात, फार तर नव्या वास्तूच्या मुहूर्ताला म्हणायचा. आमच्या सोसायटीने गणेशोत्सवात 'लोकधारा' नावाचा कार्यक्रम ठरवला तेव्हा कार्यकारिणी तिच्याकडे गेली. फलकावर तिचा फोटोही छापून झाला होता. तिने विचारलं, "लगीन कुनाचं हाय?" कोणाचंच नाही, अध्यक्ष म्हणाले, नमुना म्हणून दोन कडवी म्हणा. "बोलावू देवाला आनि सांगू, नमुना हाय, जा परत?" ती म्हणाली. "तुमाला कुनी असा बोलावलान तर तुमी काय कराल?" अध्यक्ष फलक गुंडाळून घेऊन आले. त्या जागी मग एका मुलाने तोंडाने रेल्वेचा आवाज काढून दाखवला आणि त्याला बक्षीस मिळालं.

मालिका ती रोज बघायची. साडेआठला तिच्या घराचं दार उघडं टाकलेलं असायचं आणि इमारतीतल्या बायका आपापल्या भाज्या निवडायला घेऊन तिथे जमायच्या. माझी बायको सुनीता जायची. तिसऱ्या मजल्यावरच्या फरीदाभाभी जायच्या. त्यांचे यजमान कुवेतला आणि मुलं कॉलेजात, त्यामुळे त्या मालिकेआधी अर्धा तास यायच्या आणि मालिकेनंतर तासभर थांबायच्या. मी सुनीताला बोलवायला म्हणून जायचो आणि दारातल्या वेताच्या मोढ्यावर बसायचो. रिमोट बयच्या कमरेला, तंबाखूच्या पिशवीत असायचा. विनोद व्हायच्या आधी ती हसायची. पुढे काय होणार हे तिला कळायचं म्हणून नव्हे. हसून ठेवलं की मग ऐकायला मोकळं, असं काहीतरी होतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कोणाला वाटेल की म्हातारीला खरं-खोटं कळत नव्हतं. तसं अजिबात नव्हतं. मालिकेतल्या आजोबांचं काम करणारा नट मध्येच बदलला, तेव्हा इमारतभर हलकल्लोळ झाला. बय एवढंच म्हणाली, "त्याचं पटलं नसंल पैशावरनं." चिमी एकदा आजारी पडली तर म्हणाली, "दुसरीकरं काम मिलालं असंल हिला." ती नटांना नट म्हणूनच ओळखायची. माझा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

चिमीच्या हळदीचा भाग लागला त्या दिवशी बयच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर चिमीला पाटावर बसवलं, बायकांनी हळद लावली आणि लाउडस्पीकरवर सिनेमातलं गाणं लागलं. सगळी ठाण्याची इमारत नाचायला लागली. चिमी मधोमध पिवळी होऊन एकटी बसलेली.

"हिला कुनी गानार नाय?" बयने विचारलं.

"बय, तुम्ही म्हणा ना!" कोणीतरी हसत म्हणालं. मग दोघी-तिघी म्हणाल्या. फरीदाभाभींनी टाळी वाजवली. "बय, हो जाए! हमारी चिमी बेवारस है क्या?"

आणि बयने म्हटला. कार्याशिवाय कधी तोंडाबाहेर न काढलेला धवला तिने टीव्हीकडे बघत म्हटला. कोणीतरी उठून टीव्हीवरच्या बटणाने आवाज बंद केला. पडद्यावरची माणसं मुक्याने नाचत होती आणि आमच्या खोलीत एकेक देव नावाने येऊन बसत होता. हरेशची मुलगी प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली, वाटीत हळद कालवून घेऊन आली आणि बयने गाता गाता बोट बुडवून टीव्हीच्या काचेला, चिमीच्या गालाच्या जागी, हळद लावली. तेवढ्यात दृश्य बदललं आणि हळद चिमीच्या काकांच्या नाकावर गेली. सगळे हसले. बयही हसली.

दुसऱ्या दिवशी 'काही वर्षांनंतर' आलं.

पहिले काही दिवस मला वाटलं, तिला इतरांसारखंच वाईट वाटतंय. इमारतीत दोन तट पडले होतेच. काहींच्या मते शेवटच्या दृश्यात चिमीच्या ओढणीखाली क्षणभर मंगळसूत्र दिसलं होतं. म्हणजे लग्न झालं आणि ते डॉक्टरशीच, कारण डबा स्टीलचा आणि महागातला होता. फरीदाभाभी पक्याच्या बाजूने होत्या. "डब्बे में भेंडी थी, मैंने खुद देखी. भेंडी पक्याला आवडायची की डॉक्टरला?" लोक लिफ्टमध्ये भांडायचे. अशा गोष्टी दोन आठवड्यांत निवतात, आणि निवल्याच. तळमजल्यावर मात्र निवल्या नाहीत.

कारण प्रणालीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा पेणचा, घरचे चांगले. हरेशने महामार्गावर, कर्नाळ्याच्या अलीकडचं मोठं लॉन घेतलं होतं. डीजे, ड्रोन, फुलांचा मोर आणि या सगळ्याचं नियोजन करणारी काळ्या कपड्यांतली माणसं. त्यांनी कार्यक्रमाचा जो कागद बनवला होता त्यात 'पारंपरिक गीत' असं लिहून पुढे पंधरा मिनिटं दिली होती. हरेश तो घेऊन आईकडे गेला. मी तेव्हा दारातच होतो.

"मी नाय म्हननार," बय म्हणाली.

"पंधरा मिनिटं कमी पडत असतील तर वाढवतो, बय."

"म्हननारच नाय. देव बसलेत अजून."

"कुठं बसलेत?"

तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. मग विचार करून ते बोट टीव्हीसमोरच्या सतरंजीकडे वळवलं. "हितं. त्या पोरीच्या लग्नाला बोलावलंय मी त्यांना. हलद दाखवली. लगीन दाखवलं नाय. ते उठतील कशे? आनि बसलेल्यांना दुसऱ्या मांडवात बोलावू कशी?"

हरेश माझ्याकडे बघायला लागला. शिकलेल्या माणसाकडे लोक अशा वेळी बघतात आणि शिकलेला माणूस हमखास चूक करतो. मी म्हणालो, "बय, ते नाटक होतं. ती मुलगी खरी नाही, हळद खरी नाही."

"पोर खोटी हाय, मना ठाव हाय," ती म्हणाली. "हलद आमच्या डब्यातली व्हती."

  मी वर आलो आणि सुनीताला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की." मी विचारलं, काय बरोबर आहे? "म्हणजे, चूक काय आहे?" ती म्हणाली. 

मला एक संशय आला होता, तो लिहून ठेवतो. पंधरा मिनिटांचा तो कागद, तो मोर, ते ड्रोन बयला पसंत नव्हतं. मुलाला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा देवांना पुढे करणं सोपं. मी हा संशय प्रणालीला बोलून दाखवला. खारघरच्या एका दवाखान्यात ती लोकांचे अवघडलेले खांदे सोडवायचं काम करते, शांत मुलगी. ती म्हणाली, "काका, बयला नाही म्हणायला देव लागत नाहीत." हेही खरं होतं. लिफ्टला नाही म्हणताना बयने कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं. मग प्रणाली म्हणाली, "पण तिने म्हटलं नाही तर मी हळदीला बसणार नाही. डीजेवर मी पिवळी होणार नाही." असं म्हणून ती कामाला गेली. आता हरेशच्या समोर दोन बायका होत्या, आणि पेणला पत्रिका वाटून झाल्या होत्या.

हरेश माणूस खटपटी. त्याने ओळखी काढत काढत वाहिनीच्या कचेरीपर्यंत मजल मारली. नवरा कोण होता, एवढंच सांगा, असं त्याने विचारलं. घरी अडचण आहे. कसली अडचण, हे त्याने सांगितलं नसावं. उत्तर आलं ते त्याने बयच्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. "ते बोलतात, शेवट आम्ही प्रेक्षकांवर सोडला आहे."

असल्या वाक्यांचा मला तिटकारा आहे. ज्याला शेवट सुचत नाही तो वाचकाला मोठेपणा देतो. मी तसं म्हणणार होतो, पण बयचा चेहरा उजळला होता.

"आमच्यावर सोरलाय?"

"हो."

"मंग आधी नाय का सांगायचं!" ती म्हणाली. "चला. आपन लावू लगीन."

रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला कधी गणसंख्या भरत नाही. त्या दिवशी माणसं स्कूटरवर बसली होती. विषय एकच: नवरा कोण. लग्न लावायच्या धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, त्याच्या आईबापाचं, गावाचं घ्यावं लागतं. अध्यक्षांनी मतदान सुचवलं. फरीदाभाभी म्हणाल्या, निकाह मतदानाने होत नसतो. चौथ्या मजल्यावरचे एक बँकेतले गृहस्थ डॉक्टरच्या उत्पन्नावर बोलले. कोणीतरी पक्याच्या आईचं गाव कुठलं असा प्रश्न काढला आणि ते मालिकेत एकदा रोहा आणि एकदा महाड सांगितलं होतं असं निघालं, त्यावरून अर्धा तास गेला. वरून विमानं जायला लागली की सगळे थांबायचे, विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू. मी खांबाला टेकून उभा होतो. मला समोर चाललेलं काहीच समजत नव्हतं आणि मी दोनदा डॉक्टरच्या बाजूने बोललो.

बय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पोरीला कुनी इचारलाव काय?"

कोणाला कळेना.

"प्रणे, तुज्या फोनवं ते शेवटचं दाखव."

प्रणालीने फोनवर शेवटचं दृश्य लावलं. बयने फोन डोळ्यांजवळ धरून पाहिला. चिमी येते, बसते, डबा उघडते, खाते, हसते. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. पार्किंगमधली माणसं कंटाळून एकमेकांशी बोलायला लागली. मी वाकून पाहिलं, पण मला त्यात पोळीभाजी खाणाऱ्या मुलीपलीकडे काही दिसलं नाही.

"पाय कशे पसरलेत बगा," बय म्हणाली. "सासरी जायची बाय अशी बसंल काय पायरीवं? कुनाची वाट बगत नाय ती. कुनी हाक मारंल म्हनून कान नाय तिचा तिकरं. आनि घास कवरा घेतंय!" तिने फोन परत दिला. "हिला नको हाय लगीन. ना तो, ना तो."

"पण हळद लागली होती, बय," सुनीता म्हणाली.

"लागली. मंग धुतली असंल तिनं. आपल्याला दाखवलं नाय एवरंच." ती उठली. "देवांना सांगायला पायजे, लगीन नाय. उठा."

आणि इथे खरी अडचण होती. ती तिनेच सांगितली, जिन्यापाशी उभं राहून, मला एकट्याला; कदाचित मी जवळ होतो म्हणून. देवांना बोलावायचा धवला आहे. हळद लावायचा आहे, उतरवायचा आहे, नवरीला सासरच्या वाटेला लावायचा आहे. लग्न न करता हळद उतरवून देवांना घरी पाठवायचा धवला नाही. असा कोणी कधी केलाच नाही. "माज्या आयनं दिलं ते मी म्हनतंय," ती म्हणाली. "माजा एक शब्द नाय घातला त्यात. एक नाय." हे ती मला अभिमानाने पूर्वीही बोलली होती. तेव्हा ते अभिमानाचं वाक्य होतं. त्या दिवशी तसं ऐकू आलं नाही.

चार-पाच दिवस तिचं दार लोटलेलं होतं. साडेआठला बायका आपापल्या घरी दुसरं काहीतरी बघू लागल्या. शनिवारी सकाळी प्रणाली वर आली आणि म्हणाली, बयने बोलावलंय, काका-काकू दोघांनीही या.

खोलीत फार माणसं नव्हती. हरेश आणि त्याची बायको, फरीदाभाभी, आम्ही दोघं, प्रणाली. टीव्ही बंद होता आणि त्याच्या काळ्या काचेत आम्हीच सगळे बसलेले दिसत होतो. सतरंजीवर पाट मांडले होते, प्रत्येक पाटावर पान-सुपारी. बयने ओला फडका घेतला आणि टीव्हीच्या काचेवर राहिलेला हळदीचा पिवळा डाग पुसला. इतके दिवस तो कोणी पुसला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मग ती पाटासमोर बसली.  ओठ हलले आणि थांबले. हजारदा म्हटलेलं गाणं विसरलेल्या माणसासारखी ती दिसत होती. पण हे गाणं तर तिने आधी कधी म्हटलेलंच नव्हतं. मग तो भरडा आवाज निघाला.

*उठा माज्या देवांनो, पाट मोकले करा,*
*आल्यात तशे जावा, राग नका धरा.*
*हलद व्हती ओली, उन्हानं वालली,*
*पोर आमची शानी, तिनंच ती धुतली.*

एवढंच. मग तिने एकेका देवाचं नाव घेतलं, बोलावताना घेतलं होतं त्याच्या उलट्या क्रमाने, वेशीवरच्यापासून गणपतीपर्यंत, आणि प्रत्येक नावाला एक पाट उचलून भिंतीला लावला. फरीदाभाभींनी डोक्यावर पदर घेतला होता. हरेश खाली बघत होता. लग्नाला ड्रोन लावणारा माणूस तो. पण त्या वेळी त्याने फोनही खिशातून काढला नाही.

शेवटचा पाट उचलल्यावर प्रणालीने विचारलं, "बय, असं चालतं?"

"आता चाललं," बय म्हणाली.

त्या वेळी मी प्रणालीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुस्तकांत अशा ठिकाणी चेहरा काहीतरी सांगतो. मला काहीही कळलं नाही. ती आजीकडे बघत होती आणि तिच्या हातात रिकामी हळदीची वाटी होती. नंतर तिचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं, पेणच्याच मुलाशी, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती सुखात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी दोघं येतात. आणलेला डबा तो मुलगाच घासतो. याहून जास्त मला विचारू नका.

लग्नात बयने धवला म्हटला. काळ्या कपड्यांतल्या मुख्य माणसाने पंधरा मिनिटं झाल्यावर घड्याळ दाखवलं, तेव्हा हरेशने स्वतः त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यानंतर तो माणूस हात जोडून उभा राहिला. फुलांचा मोर तोपर्यंत उन्हाने मान टाकून बसला होता. बयने प्रणालीला हळद लावताना माझ्याकडे एकदा पाहिलं, पण त्याचा अर्थ मी लावत नाही. मला तिचे अर्थ लावता येत नव्हते, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं.

नंतर काही महिन्यांनी दुपारी मी दूध आणायला निघालो, तर तळमजल्याचं दार उघडं. वाहिनीने ती मालिका पहिल्यापासून पुन्हा दाखवायला घेतली होती. पडद्यावर चिमी दोन वेण्या घालून कॉलेजला निघाली होती, डॉक्टर अजून राहायला यायचा होता आणि पहिले आजोबा अजून काम सोडून गेले नव्हते. बय एकटीच भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. मी काही बोलणार, तर तिने हात वर केला.

"गप. बसा. हिला अजून काय बी ठाव नाय."

मी मोढ्यावर बसलो. ती विनोदांच्या आधी हसत होती, आणि आता तर विनोद कुठे येणार हे तिला खरंच माहीत होतं. जाहिराती लागल्या. तिने पिशवीतून रिमोट काढला, आवाज बंद केला, दाराबाहेर कोणी नाही हे वाकून पाहिलं आणि स्वतःचा आवाज खाली आणला.

"मास्तर, खरं सांगा. तुमी येवरी पुस्तकं वाचलाव. त्या पत्रिकेवं नाव कुनाचं व्हतं?"

 "बय, तुम्हीच म्हणालात ना, ना तो, ना तो?"

"ते देवांना सांगलं," ती म्हणाली. "तुमी सांगा."

मी थोडा विचार केला. "डॉक्टर," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कॉलेजात आयुष्य फुकट गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"हट्," ती म्हणाली. "पक्या." आणि चिमी परत आली तसा तिने आवाज मोठा केला.